मिशनरी शाळा टिकली कुणामुळे?

झिंबाब्वेतलं आफ्रिका विद्यापीठ १९९२मध्ये मुतारेजवळच्या जुन्या मेथडिस्ट मिशनच्या परिसरात सुरू झालं. आपल्याकडे अशीच मुळं मुंबईच्या विल्सन कॉलेजची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये शाळा काढली. धर्मप्रसाराचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. पण १८३९मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. तरीही शाळा पुन्हा भरली, कारण लोकांना इंग्रजी शिक्षण हवंच होतं. म्हणून माझं ठाम मत आहे : संस्था मिशनने उभारली, पण टिकवली इथल्या पालकांनी.

कुणी म्हणेल, धर्मांतरं तर झालीच ना? झाली, आणि घरांनी त्याची मोठी किंमत मोजली. याच शाळेतले विद्यार्थी नारायण शेषाद्री १८४३मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केलं, तेव्हा त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मुंबईत रान पेटलं. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. या वादळांनंतरही विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.