मृगाआधी औजार धड हवे

ज्वारीची काढणी-मळणी आटोपली, कडब्याची गंज रचून झाली, की सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी आता मोकळा झाला, असे शहरातल्या माणसाला वाटते. शेत उघडे पडलेले असते, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते, पारा ४२-४३ अंशांवर चढलेला असतो. अशा उन्हात शेतावर काम ते काय असणार? परंतु गोष्ट उलट आहे. पुढच्या सालात घरात किती पोती धान्य येणार, याचा बराचसा निकाल याच दोन-अडीच महिन्यांत लागत असतो. तो जितका जमिनीवर अवलंबून असतो, तितकाच औजारावर अवलंबून असतो.

आपल्या समाजात ज्यांच्याकडे जमीन आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांची धाव दोन-चार एकरांपलीकडे नाही. कुणाकडे १९५८ च्या कायद्याने वतन खालसा झाल्यावर राहिलेला तुकडा आहे, तर कुणाला दादासाहेब गायकवाड योजनेतून चार एकर जिरायत मिळालेली आहे. एक भाऊ गावी जमीन पाहतो, दुसरा सोलापुरात यंत्रमागावर किंवा मुंबई-पुण्याला कामाला असतो. घरची बाई शेतावर राबते, नाहीतर विड्या वळते. अशा सर्व कुटुंबांनी उन्हाळ्याचा हा काळ कसा वापरावा, याचा थोडा विचार करू या.

जमीन थोडी की साधने थोडी?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांचा प्रश्न आणि त्यावरील उपाय या विषयावर एक प्रबंध लिहिला होता. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, तेव्हा तुकडे एकत्र करा, असे त्या वेळी अनेक विद्वान सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच दुसऱ्या बाजूने मांडला. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्या शेताला लावायला बैल, औजारे, भांडवल आणि मजूर किती आहेत, त्या प्रमाणावरून ते ठरते. साधनेच अपुरी असतील, तर आहे ती जमीनसुद्धा त्या शेतकऱ्याला जास्तच आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवला पाहिजे, हा त्यांचा उपाय होता.

शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी हा विचार सोलापूरच्या माळावर आजही पटतो. तीन एकराच्या मालकाकडे जमीन असते, पण तिफण मोडकी असते, मोटार जळालेली असते, बैल विकलेले असतात. मग त्याची जमीन कुणाच्या तरी ट्रॅक्टरची वाट पाहत पडून राहते.

वाफसा कुणासाठी थांबत नाही

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरी. काळी जमीन ओली असली की पायाला चिकटते, वाळली की भेगाळते. या दोन्हींच्या मध्ये जो वाफसा येतो, तो थोडे दिवसच टिकतो. पेरणी व्हायची ती तेवढ्यातच. मूग, उडीद, तूर यांची पेरणी मृगाच्या पावसावर होते. रब्बीची ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात, आणि ती पुढे बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. मोहोळच्या केंद्रातून पुढे आलेली मालदांडी ३५-१ असो किंवा २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी असो, ओल गेल्यावर पेरली तर दोन्ही सारख्याच विरळ उगवतात.

ऐन वाफशात तिफणीचा फण मोडला, तर लोहाराच्या भात्यापुढे आधीच रांग लागलेली असते. भाड्याचा ट्रॅक्टर प्रथम वीस एकरवाल्याकडे जातो, तीन एकरवाल्याचा नंबर शेवटी लागतो. फण शंभर-दोनशे रुपयांत दुरुस्त होईल, परंतु गेलेला वाफसा पैसे देऊन परत येत नाही. औजार पेरणीच्या दिवशी मोडले असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते आधीच खिळखिळे झालेले असते, आपण फक्त पेरणीच्या दिवशी पाहतो.

नांगरट दरवर्षी हवीच का?

ट्रॅक्टरच्या भाड्यात लहान शेतकऱ्याचा मोठा पैसा जातो. म्हणून हे नीट समजून घेतले पाहिजे. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील व विजापूरच्या प्रयोगांतून जी पद्धत तयार झाली, तिच्यात समपातळीत बांध घालणे, शेणखत देणे, बी कमी व ओळी रुंद ठेवणे, कोळपण्या करणे या गोष्टी होत्या. खोल नांगरट मात्र तीन वर्षांतून एकदा सांगितली होती. मधल्या वर्षी कुळवाच्या पाळ्या पुरतात. हरळी-कुंदा माजला असेल, तर गोष्ट वेगळी. शेजाऱ्याने नांगरले म्हणून आपणही कर्ज काढून नांगरायचे, हे शहाणपणाचे नव्हे.

ज्या वर्षी नांगरट करायची, त्या वर्षी काढणी होताच, जमिनीत थोडी ओल असतानाच करावी. ढेकळे उन्हात तापतात, हरळीच्या काशा वाळतात, जमिनीतल्या किडींचे कोष वर येऊन पाखरांच्या तोंडी पडतात. नांगर उताराला आडवा चालवावा, म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी माती घेऊन पळत नाही. कोरड्या जमिनीत रोटाव्हेटर फिरवून मातीचे पीठ करू नये. असे पीठ पहिल्या जोरदार सरीत दबते आणि वर पापुद्रा धरते.

घरच्या औजारांची झडती

पेरणी झाली की तिफण गोठ्याच्या कडेला टाकली जाते आणि पुढच्या पेरणीलाच आठवते. एप्रिल महिन्यात एक दिवस काढून सगळी औजारे अंगणात मांडावीत. कुळवाची फास झिजली असेल तर लोहाराकडून धार काढून, पाणी पाजून आणावी. दिंडाला, रुमण्याला, जुवाला वाळवी लागली आहे का, ते ठोकून पाहावे. तिफणीच्या चाड्यात पाणी ओतून प्रत्येक नळ्यातून ते सारखे पडते का, ते बघावे. एक नळा तुंबला, तर शेतभर एक ओळ रिकामी जाते, आणि ते आठ-दहा दिवसांनी उगवण झाल्यावरच कळते.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात खत तसेच राहिले, तर पत्रा गंजतो. पेटी धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. पेरणीआधी यंत्राचे चाक हाताने फिरवून खाली गोणपाटावर किती बी पडते, ते तोलून पाहावे. फवारणीच्या पंपाचे वायसर आणि नोझल बदलून ठेवावे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे हा विषाशी खेळ आहे. ते काम जुन्या दात घासायच्या ब्रशने होते.

मोटार का जळते?

उन्हाळ्यातील सर्वांत महागडी मोड म्हणजे विहिरीवरची किंवा बोअरची मोटार. "लाईटनं मोटार खाल्ली," असे आपण म्हणतो. तिची कारणे साधी आहेत. दाब कमी झाला की तेवढेच पाणी उचलण्यासाठी मोटार जास्त वीजप्रवाह ओढते, गरम होते आणि आतली वायंडिंग जळते. तीन फेजपैकी एक गेला, तर उरलेल्या दोघांवर सारा भार येतो. पाणबुडी मोटार पाण्यानेच थंड राहते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले आणि मोटार कोरडी फिरली, की ती वाचत नाही.

म्हणून पेटीत व्होल्टमीटर असावा, आणि दाब कमी दिसला तर मोटार सुरू करू नये. एक फेज गेल्यावर मोटार बंद पाडणारे साधन बसवून घ्यावे. त्याची किंमत रिवायंडिंगच्या खर्चापुढे काहीच नाही. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये. रात्री उठावे लागू नये म्हणून पुष्कळजण ऑटो स्विच लावतात. मग वीज येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर भार येतो, डीपी जळते आणि सगळ्यांचेच पाणी बंद होते. प्रत्येक मोटारीला कपॅसिटर बसवला, तर हा भार हलका होतो. हे एकट्याने करून भागत नाही. एका डीपीवरच्या सर्वांनी मिळून केले, तरच उपयोग आहे.

आणि एक हात जोडून सांगणे. डीपीवरचा फ्यूज स्वतः घालायला जाऊ नका. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार द्या, लाईनमनची वाट पाहा. एक पाळी पाण्याची गेली तरी चालेल, घरचा माणूस जाता कामा नये.

हीच काळजी मळणी यंत्राजवळ घेतली पाहिजे. कणसे आत लोटताना हात जातो, फिरत्या पट्ट्यात साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा अडकतो. दिवसभर राबून थकल्यावर रात्रीच्या अंधुक उजेडात हे अपघात घडतात. पदर खोचून, केस बांधून, पट्ट्यावर जाळी असल्याशिवाय यंत्रापुढे उभे राहू नये. दुर्दैवाने अपघात झालाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू आल्यास २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. सातबारावरील शेतकऱ्याबरोबर कुटुंबातील आणखी एका व्यक्तीलाही ही योजना लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लवकरात लवकर द्यावा लागतो.

एकट्याने नको, मिळून घ्या

खेड्यात पूर्वीपासून सावड, इर्जिक, वारंगुळा अशा चाली होत्या. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, मिळून जोडी आणि पाळीपाळीने दोघांची पेरणी. गावगाड्याच्या सावडीत आपल्या माणसाला किती जागा मिळत होती, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे. आता तर बैलच कमी झाले. परंतु सावडीचे तत्त्व आपण आपल्यात नव्याने आणू शकतो.

अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने देण्याची योजना सामाजिक न्याय विभागाची आहे. २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के रक्कम शासन देते, १० टक्के गटाने घालायची. गटातील किमान ८० टक्के सभासद तसेच अध्यक्ष व सचिव या प्रवर्गातील हवेत. विहीर, पंपसंच, वीजजोडणी यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीचे अनुदान २०२४ साली अडीच लाखांवरून चार लाख करण्यात आले. सौर कृषिपंपाच्या योजनेत इतरांना १० टक्के वाटा भरावा लागतो, अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. पंचायत समितीच्या कृषी विभागात आणि समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात जाऊन अर्जाची मुदत व कागदपत्रे विचारून घ्यावीत.

ट्रॅक्टर मिळाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. तो दारात उभा राहून गंजला, तर मोडक्या तिफणीत आणि त्यात फरक काय? गटाने पहिल्याच दिवशी एक वही घालावी. आज कुणाच्या रानात गेला, किती तास चालला, डिझेल किती गेले, ऑइल कधी बदलले, पुढची पाळी कुणाची, हे त्यात लिहावे. विधवा भगिनीच्या शेताची पाळी शेवटी ढकलली जाणार नाही, याची लेखी खात्री करून ठेवावी. तासाच्या भाड्यातून थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढावी. वही ठेवायला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वस्तीत आहेच.

यंत्रमागावर काम करणाऱ्या आपल्या बांधवाला हे वेगळे सांगायला नको. चांगला जॉबर माग बंद पडायची वाट पाहत नाही. तो आवाजावरून ओळखतो, तेल देतो, ढिला नट आवळतो. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा ही कामगाराची नजर शेतावर घेऊन जा. भावाला आधी फोन करून विचारा, कोणता वायसर, कोणता पट्टा, कोणते बेअरिंग हवे आहे. तालुक्याला मिळत नसेल, तर ते शहरातून घेऊन जा. दोन दिवस अंगणात बसून भावाबरोबर, वहिनीबरोबर औजारे दुरुस्त करा. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी एवढे झाले, तर पहिल्या वाफशाला आपल्या माणसाला कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.