आक्रमण असं नसतं! परग्रहवासी, रानमोडी आणि मामाची वरकस



फील्डवर्कसाठी पेण ते रोहा या पट्ट्यात माझ्या सतत फेऱ्या असतात. मेमू कासू, नागोठणे, निडी करत निवांत जाते, तेवढ्या वेळात मोबाईलवर एखादा एपिसोड सहज बघून होतो. अशीच मी 'इन्व्हेजन' ही ॲपल टीव्हीची मालिका बघायला घेतली. सायमन किनबर्ग आणि डेव्हिड वाईल यांची, ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली. पृथ्वीवर परग्रहवासी येतात आणि अमेरिका, जपान, इंग्लंड, अफगाणिस्तानातली साधी माणसं त्याला कशी तोंड देतात, अशी गोष्ट. कल्पना झकास आहे ना? मलाही तसंच वाटलं होतं.

पण पहिल्या सीझनच्या दहा भागांत मी वैतागले. सॅम नीलसारखा नट पहिल्या भागात येतो आणि गायबच होतो. परग्रहवासी धड दिसायलाच कितीतरी भाग जावे लागतात. बहुतेकांची तक्रार एकच होती: मालिका फार संथ आहे.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. माझा पीएचडीचा विषयच 'आक्रमक परकीय वनस्पती' आहे, म्हणजे पृथ्वीवरचेच पाहुणे. त्यामुळे मला वाटतं, संथपणा ही त्या मालिकेतली एकमेव खरी गोष्ट आहे! चुकलंय ते दुसरंच. आलेले जीव खातात काय, वाढतात कसे, इथल्या मातीशी, जंतूंशी त्यांचं काय नातं जुळतं, हे मालिका विचारतच नाही. आणि आक्रमणाची सगळी गंमत (आणि भीती) तिथेच तर असते.

वेल्सला हे कळलं होतं

एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ ची. त्यातले मंगळवासी शेवटी कशाने मरतात, हे तुम्हाला माहीत असेल: पृथ्वीवरच्या सूक्ष्मजंतूंनी. त्यांच्याबरोबर एक लाल रंगाचं तणही आलेलं असतं. पाणी मिळताच ते भसाभस वाढतं, नद्या तुंबवतं आणि शेवटी इथल्याच जंतूंमुळे कुजून जातं. आपल्याकडची जलपर्णी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. वेल्स टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता, ते असं जागोजागी दिसतं.

थोडक्यात वेल्सचं म्हणणं असं: बाहेरून येणाऱ्याला इथल्या रोगांची सवय नसते, म्हणून तो हरतो. पटण्यासारखं आहे. पण खऱ्या आक्रमणात नेहमी असंच होतं का?

आता आपल्या डोंगरावर या

नागोठण्याच्या पुढे माझ्या मामाची थोडी वरकस जमीन आहे. वरकस म्हणजे भाताची नव्हे, तर गवत आणि राबासाठी पालापाचोळा देणारी डोंगरउताराची जमीन. आज तिथे कमरेच्या वर रानमोडी माजली आहे. थंडीत पांढरट-जांभळट तुरे येणारं, पान चुरगळलं की उग्र वास येणारं हे झुडूप तुम्ही नक्की पाहिलं असेल. शास्त्रीय नाव क्रोमोलेना ओडोराटा. हे मूळचं अमेरिका खंडातलं, एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या बागेत आणलेलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. बी बारीक, केसाळ. वाऱ्यावर कुठेही जातं.

मामा सांगतो, "आधी बांधावर दोन-चार झुडपं होती. कोण लक्ष देतंय? मग एका वर्षी बघितलं तर गवतच नाही."

मामाने सांगितलं त्याला आमच्या भाषेत 'लॅग फेज' म्हणतात, म्हणजे दबा धरून बसण्याचा काळ. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागात बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांचा इतिहास तपासला, तेव्हा लागवड झाल्यापासून ती आपणहून पसरायला लागेपर्यंत सरासरी १४७ वर्षं गेलेली दिसली. म्हणजे आक्रमण सुरू झालं हे कळतं, तेव्हा पाहुणा घरात येऊन पिढ्या लोटलेल्या असतात. दहा एपिसोड म्हणजे काहीच नाही!

वेल्सच्या उलट

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तो प्रयोग. सीमा मंगला, इंद्रजित आणि रॅगन कॅलवे यांनी २००८ मध्ये पश्चिम घाटातल्या रानमोडीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रानमोडीखालची माती घेतली आणि झुडपापासून वीस मीटर लांबची मातीही घेतली. रानमोडीखालच्या मातीत फ्युजॅरियम नावाच्या बुरशीचे बीजाणू २५ पटींहून जास्त निघाले. ही बुरशी परदेशी नाही बरं का, ती इथलीच. ती अनेक झाडांच्या मुळांना त्रास देते.

मग त्यांनी एकेक शक्यता तपासली:

१. रानमोडीखालच्या मातीत काटेमाठ आणि बांबू यांसारख्या झाडांची वाढ खुंटली.

२. तीच माती निर्जंतुक केली, तर हा परिणाम गेला. म्हणजे दोष मातीतल्या जिवंत गोष्टींचा होता.

३. चांगल्या मातीत रानमोडीच्या मुळांचा पाझर घातला, तर बुरशी दहा पटींहून जास्त वाढली आणि ती मातीही बाधक झाली.

४. त्याच पाझरासोबत सक्रिय कोळसा घातला, तर बुरशीची वाढ कमी झाली. कोळसा रसायनं शोषून घेतो. म्हणजे मुळांतून येणारं काहीतरी रसायनच बुरशीला पोसत होतं.

लक्षात आलं का? वेल्सचे मंगळवासी इथल्या जंतूंनी मेले. रानमोडीने मात्र इथलेच जंतू पाळले आणि इथल्याच झाडांवर सोडले! ही युक्ती एखाद्या मालिकेत असती, तर मी रात्रभर जागून सगळे भाग बघितले असते. अर्थात रानमोडीच्या मनात काही कपट नाही. तिच्या मुळांतून जे पाझरतं ते पाझरतं, फायदा आपोआप होतो. मालिकेतल्या आक्रमकांना नेहमी काहीतरी हेतू असतो; खऱ्यांना तो लागतच नाही.

मग करायचं काय?

मामा दरवर्षी उतार पेटवून द्यायचा. दिसायला स्वच्छ होतं, पण रानमोडीचं खोड जमिनीतून पुन्हा फुटतं, गवताच्या आधी उभं राहतं आणि वाळलेल्या काड्यांनी पुढचा वणवा आणखी भडकतो. या झुडपाला ऊन लागतं. दाट सावलीत ते तग धरत नाही. म्हणून फुलं यायच्या आधी, पाऊस संपता संपता माती ओली असताना मुळासकट उपटणं आणि जमीन उघडी न ठेवता तिथे इथलीच झाडं वाढवणं, हा मार्ग कष्टाचा आहे पण टिकणारा आहे. रस्ता रुंद होतो, डोंगर कापला जातो, तेव्हा अशीच उघडी, उन्हातली माती तयार होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने जाताना जरा बघा.

एक सावधगिरीही हवी. बाहेरून आलं म्हणजे वाईट, असं नाही. मिरची, काजू, बटाटा हे सगळे बाहेरचेच, आणि त्यांच्याशिवाय आपलं स्वयंपाकघर चालेल का? जगभरात माणसाने ३७,००० हून जास्त प्रजाती इकडच्या तिकडे नेल्या आहेत. त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक घातक ठरल्याचं आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय. म्हणजे बहुसंख्य पाहुणे निरुपद्रवी आहेत. प्रश्न 'कुठून आला' हा नाही, 'इथे काय करतो' हा आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मामाने आणि मी वरकसीचा एक छोटा तुकडा हाताने साफ केला. यंदा तिथे गवत दिसतंय. बाकी उतार अजून तसाच आहे आणि मामाचं वय वाढतंय. काम करताना मी त्याला मालिकेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "तुझे ते राक्षस बरे गं. येतात तेव्हा दिसतात तरी."

तुमच्या बांधावर दोन-चारच झुडपं असतील, तर आत्ताच बघा. आपल्याकडे अजून पहिलाच एपिसोड चालू असेल.