सहा पायांचं युद्धयंत्र

माझा भाचा ॲनिमेशन शिकतो. गेल्या रविवारी ताथवड्याला बहिणीकडे गेलो, तर त्यानं माझ्यापुढे एक मोठा कागद पसरला. "मामू, हे माझं यंत्र. बुधवारी सरांना दाखवायचंय. तुम्ही याला गोष्ट द्या."

कागदावर पोलादी मुंगळा होता. मूळ मुंगळा त्यानं तिथल्या वळूमाता प्रक्षेत्राच्या कुंपणाशी पाहिलेला. कोपऱ्यात लिहिलं होतं, लांबी दहा मीटर. जबड्याच्या जागी तोफा, डोक्यात चालकाची खुर्ची. अशा, आत माणूस बसून चालवायच्या युद्धयंत्राला ही मुलं 'मेक' म्हणतात. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कवी. यंत्रांशी माझी ओळख पंख्यापुरती!

माझे मेहुणे मात्र वीस वर्षं चाकणला प्रेस शॉपमध्ये आहेत. पोरानं कर्ज काढून चित्रं काढायला शिकावं, हे त्यांना कधी पटलं नाही. त्याचं चित्र ते सहसा पाहतही नाहीत. त्या दिवशी चहा पिता पिता नजर पडली आणि म्हणाले, "एवढा बोजा या काड्यांवर? उभं राहायच्या आधी मोडेल."

बरोबर होतं त्यांचं. सेंटिमीटरभराचा मुंगळा हजारपट वाढवला, तर पायाच्या हाडाचा म्हणा, नळीचा म्हणा, छेद दहा लाखपट वाढतो. पण वजन वाढतं शंभर कोटीपट. म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस इंचावर हजारपट भार. गॅलिलिओनं १६३८च्या ग्रंथात हा हिशेब मांडला. पुढे १९२६मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी त्यावर सुंदर निबंध लिहिला. हे हाल्डेन १९५७मध्ये भारतात आले आणि भारतीय नागरिक झाले.

दुसरी अडचण श्वासाची. कीटकाला फुप्फुसं नसतात. कुशीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांनी अंगभर जाते. देह फार मोठा झाला, तर ती आतपर्यंत पुरत नाही. तीसेक कोटी वर्षांपूर्वी दोन फुटांहून अधिक पंखविस्ताराचे, चतुरासारखे कीटक होते. तेव्हा हवेत प्राणवायू जास्त होता, हे त्याचं एक कारण मानतात.

मी भाच्याला म्हटलं, पाय जाड कर, धड जमिनीलगत आण. पण कुशीवरची छिद्रं ठेव. इंजिनालाही हवा लागते, तापलेलं अंग निववावं लागतं. ती बुजली की यंत्र गुदमरेल. शत्रूला एवढं कळलं तरी अर्धी गोष्ट झाली.

सहा पाय मात्र त्यानं योग्य निवडले होते. मुंगळा चालताना एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय टेकलेले ठेवतो. उरलेले तीन पुढे टाकतो. म्हणजे सतत एक तिवई जमिनीवर. तिवई डुगडुगत नाही. अमेरिकेत ओहायो राज्याच्या विद्यापीठात १९८०च्या दशकात संरक्षण खात्याच्या पैशातून सहा पायांचं खरंखुरं वाहन बांधलं होतं. चालक आतच बसे. ते लढाईवर कधी गेलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण ताथवड्याहून फार लांब नाही. दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेनं 'दक्ष' हे यंत्र तयार केलं. २०११मध्ये ते लष्कराकडे गेलं. त्याला पाय नाहीत, चाकं आहेत. काम बॉम्ब शोधून निकामी करण्याचं. त्यात माणूस बसत नाही. माणूस लांब राहावा म्हणूनच तर ते केलं.

इथं मी अडलो. दुरून चालवता येत असेल, तर याच्या पोटात माणूस कशाला? भाचा म्हणाला, "मामू, आत माणूस नसेल तर मेक कसला?" हे काही उत्तर नव्हे.

मग मला 'अन्-नम्ल' आठवली. कुराणातली ही सत्ताविसावी सूरा. नम्ल म्हणजे मुंग्या. हजरत सुलेमानांचं सैन्य येताना पाहून एक मुंगी इतरांना घरात शिरायला सांगते. तिला भीती अशी, की सैन्य त्यांना तुडवेल आणि त्याला कळणारही नाही. लहानपणी अब्बा ही गोष्ट सांगत, तेव्हा मी अंगणात पाय उचलून चालत असे.

त्यावरून पूर्वकथा बेतली. हे यंत्र आधी दुरूनच चालवत. एका रात्री त्यानं झोपलेली वस्ती तुडवली. सकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. त्यानंतर कायदा झाला, की आत एक माणूस बसलाच पाहिजे. पण तोफांसाठी नव्हे, पायाखाली बघण्यासाठी.

भाच्यानं थोडा वेळ कागदाकडे पाहिलं. मग डोक्यातली खुर्ची खोडून ती पोटाच्या तळाशी काढली आणि तिच्याखाली काचेची खिडकी.

मेहुण्यांनी चष्मा लावला. "खाली धूळ फार उडेल," ते म्हणाले. "काचेला वायपर दे."