ऐतिहासिक युद्धखेळांतील पायदळाची निवड : पानिपत व असईच्या संदर्भात

प्रस्तावना :
वरणगाव हे १९६४ पासून दारूगोळा कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाते. लहान शस्त्रांची काडतुसे येथे तयार होतात. अशा गावातील विद्यार्थ्यांना युद्धविषयक संगणकीय खेळांचे आकर्षण असावे, यात नवल नाही. इतिहासाच्या तासानंतर "सर, मराठ्यांची कोणती पायदळ तुकडी सर्वांत बलवान?" असा प्रश्न येतो. प्रश्न खेळातला असला तरी त्यामागे एक समज दडलेला असतो : बल हा तुकडीचा अंगभूत गुण आहे आणि तो आकड्यात मोजता येतो. सदर लेखात या समजाची तपासणी केली आहे.

खेळातील बल :
२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात इ. स. १७०० पासूनची मराठा सत्ता खेळाडूस चालविता येते. प्रत्येक तुकडीपुढे नेमबाजी, बंदूक भरण्याचा वेग, हातघाईचे कौशल्य व मनोधैर्य यांचे आकडे असतात. नवखा खेळाडू सर्वांत मोठा आकडा निवडतो. वस्तुतः बंदूकधारी रांग समोरून कितीही भक्कम असली तरी बगलेवर घोडदळ आले की तिचे मनोधैर्य ढासळते. २००७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स ३ : द एशियन डायनेस्टीज’ मध्ये हे अधिक उघडपणे दिसते. तेथील शिपाई घोडदळास भारी पडतो, गुरखा दुरून जड पायदळास टिपतो. पण घोडेस्वार अंगावर आले तर गुरख्याचा टिकाव लागत नाही. म्हणजे शत्रू कोण आणि सोबत कोण, हे ठरल्यावाचून निवडीस अर्थ नाही.

गारद्यांचे उदाहरण :
इब्राहिमखान गारदी याच्या कवायती पायदळाचा व तोफखान्याचा प्रभाव १७६० च्या उदगीर मोहिमेत दिसला. त्यानंतरच्या तहाने आपल्या शेजारचे बऱ्हाणपूर व अशीरगड मराठ्यांकडे आले. हेच पायदळ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर डाव्या बगलेस उभे होते. त्यांनी संगिनी रोखून रोहिल्यांची फळी मागे रेटली. परंतु लगतच्या घोडदळाने गोलाची शिस्त मोडून पुढे धाव घेतली, त्यामुळे आपल्याच तोफा बंद ठेवाव्या लागल्या, असे वर्णन आढळते. गारदी कमी पडले नाहीत. त्यांच्याभोवतीची रचना तुटली.

दुसरी बाब वेतनाची. काशीराजाच्या वृत्तांतानुसार त्या दिवशी सकाळी इब्राहिमखानाने भाऊसाहेबांना सांगितले की, दरमहा पगाराचा आग्रह धरल्यामुळे आपली माझ्यावर नाराजी होती, या महिन्याचा पगारही मिळालेला नाही, तरी आज कर्तव्य बजावतो. खेळात प्रत्येक फेरीस पोसण्याचा खर्च आपोआप वजा होतो. तिजोरी आटली की नवी भरती थांबते, एवढेच. थकलेल्या पगारासाठी पलटण धरणे धरीत नाही! प्रत्यक्षात ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात शिरलेल्या गारद्यांच्या तोंडी थकबाकीचीच मागणी होती. महादजी शिंदे यांनी हा धडा घेतलेला दिसतो. द बॉयनच्या पलटणींच्या खर्चासाठी त्यांनी दुआबातील मुलूखच तोडून दिला. पाटण व मेडता (१७९०) येथील विजयांमागे कवायतीइतकाच हा नियमित पगार होता, असे माझे मत आहे.

असई :
अजिंठ्याचा घाट चढून गेल्यावर आजच्या जालना जिल्ह्यात असई लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने कैलना नदी उतरून शिंद्यांच्या फौजेची बगल गाठण्याचा प्रयत्न केला. तेव्हा पोलमनच्या पलटणींनी तोफांसह आपली संपूर्ण फळी वळवून नवी आघाडी धरली. एवढी शिस्तबद्ध हालचाल वेलस्लीस अपेक्षित नव्हती. इंग्रजांची सुमारे १,६०० माणसे मृत वा जखमी झाली. मात्र, शिंद्यांच्या चाकरीतील अनेक इंग्रज अंमलदार ब्रिटिशांच्या जाहीरनाम्यानंतर आधीच निघून गेले होते आणि विपुल मराठा घोडदळ जवळजवळ अलिप्त राहिले. खेळाच्या पडद्यावर ही लढाई मांडली, तर आकड्यांच्या दृष्टीने शिंद्यांचे पायदळ निवडण्यास कोणीही कचरणार नाही. विद्यार्थ्यांना मी तीच बाजू घेण्यास सांगतो. फक्त घोडदळास हात लावायचा नाही, ही अट घालतो.