अकरा तालुके, एक फळी आणि बारीक करवत



गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांतला एक. औत, तिफण, बैलगाडी त्याच्या हातची. आपल्या घरातलं पोळपाट, काठवट, चौरंग, पाळणा हेही त्याच्याच हातचं. या वस्तू आपण जन्मभर वापरल्या, पण करवत काही आपल्या हातात आली नाही. "बाईमाणसाचं काम नव्हे ते" एवढं एक वाक्य पुरलं.

आज मी तुम्हाला करवत हातात घ्यायला सांगणार आहे. घाबरू नका, तुळया कापायच्या नाहीत. दोऱ्यासारख्या बारीक पात्याच्या करवतीने पातळ फळीतून पान, पक्षी, अक्षर, नकाशा कापून काढायचा, असं हे काम आहे. जगभर लोक ते छंद म्हणून करतात. आपणही छंद म्हणूनच करून बघू.

ही करवत कशी असते?

हार्डवेअरच्या दुकानात किंवा शाळेच्या हस्तकलेचं सामान ठेवणाऱ्या दुकानात "फ्रेट सॉ" म्हणून मागायची. इंग्रजी यू अक्षरासारखी लोखंडी चौकट, खाली धरायला मूठ, आणि दोन टोकांत ताणून बसवलेलं सुमारे १३ सेंटिमीटर लांबीचं पातं. चौकट मुद्दाम खोल केलेली असते, म्हणजे फळीच्या मधल्या भागापर्यंत पातं पोचतं. पातं इतकं अरुंद असतं की ते कापता कापता वळू शकतं. सुताराची मोठी करवत सरळ जाते, ही आपल्या रेषेमागे जाते. दोघींत फरक तो एवढाच.

याच कामाचं विजेवर चालणारं रूप म्हणजे स्क्रोल सॉ मशीन. त्यात सपाट टेबल असतं आणि टेबलाच्या मधल्या भोकातून पातं वर-खाली होत राहतं. मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा, जसा वेग ठेवाल तसं.

शिलाई येते ना? मग निम्मं आलं

शिलाई मशीन आठवा. सुई एकाच जागी वर-खाली होते आणि आपण दोन्ही हातांनी कापड खडूच्या रेषेवर सरकवत नेतो. स्क्रोल सॉवर अगदी हेच. पातं जागच्या जागी चालतं आणि आपण फळी सरकवतो. एकोणिसाव्या शतकात विलायतेत आणि अमेरिकेत ही यंत्रं पायाने चालवायची मिळत, पायट्याच्या शिलाई मशीनसारखीच.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. शिलाई मशीनच्या पायाखालचे दाते कापड स्वतः पुढे ओढतात. इथे तसं काही नाही, फळी आपणच हलकेच पुढे न्यायची. जोर लावला की पातं वाकतं आणि रेषा सुटते. दुसरी गोष्ट कोपऱ्याची. शिवताना कोपरा आला की आपण सुई खाली ठेवून, मशीन थांबवून कापड वळवतो. करवतीत थांबायचं नाही. पातं जागच्या जागी वर-खाली चालू ठेवायचं आणि फळी सावकाश फिरवायची. थांबून फिरवली तर पातं मोडलंच म्हणून समजा.

हे काम बायकांनी केलेलं आहे, हेही सांगते. अमेरिकेत १९०९च्या सुमाराला लाकडी जोडचित्रांची, म्हणजे जिगसॉ पझलची, मोठी लाट आली. पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीत तेव्हा जोडचित्रं कापणाऱ्या कारागिरांत बायकांचाच भरणा होता. रेषेवर नजर ठेवून दोन्ही हात जपून चालवायचे, ही सवय त्या काळच्या बायकांना होती. आपल्या सोलापूरच्या बायकांना तर ती आहेच. विडी वळणारे, गोधडी शिवणारे, मागावर तुटलेला धागा जोडणारे हात आहेत हे.

काय कापायचं? आपला जिल्हा

लाकडी जोडचित्राची सुरुवात खेळण्यात नाही, शिकवण्यात झाली. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवतीने कापले. मुलांनी तुकडे जुळवायचे आणि भूगोल शिकायचा. त्याच काळात इंग्लंडच्या राजाच्या मुलांना सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लेडी शार्लट फिंच या बाई असेच कापलेले नकाशे वापरत. त्यांचं ते नकाशांचं कपाट अजून जपून ठेवलेलं आहे.

आपणही नकाशापासूनच सुरुवात करू. सोलापूर जिल्ह्याचे तालुके अकरा: उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर, सांगोला, माळशिरस, मोहोळ, माढा आणि करमाळा. अकरा तालुके म्हणजे अकरा तुकडे. करमाळा वायव्येच्या टोकाला, अक्कलकोट आग्नेयेला, सांगोला नैऋत्येला, बार्शी ईशान्येला. माढ्याचा तुकडा हातात घेतला की मुलाला शोधावं लागतं की याला करमाळा, बार्शी, मोहोळ, पंढरपूर कुठून लागतात. मामाचं गाव कुठल्या तुकड्यात, आत्या दिली ती कुठल्या तुकड्यात, हे मूल बोटाने दाखवू लागतं. पाठ करून हे येत नाही.

नवशिक्या हातासाठीही हा नकाशा चांगला. तालुक्याची सीमा वाकडीतिकडीच असते. करवत जराशी हलली तरी दोन्ही तुकडे सोबतच कापले जातात, म्हणून ते एकमेकांत बरोबर बसतात.

कृती

एक. फळी: ४ किंवा ६ मिलीमीटर जाडीचं प्लायवूड घ्या, साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि तितकंच रुंद. फर्निचर करणाऱ्या सुताराकडे एवढे तुकडे उरलेले असतात. अखंड लाकडाची पातळ फळी घेऊ नका. जळण फोडताना लाकूड रेषेत चिरतं हे आपल्याला माहीत आहे. पातळ फळीही तशीच चिरते. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून नाजूक भागही तुटत नाही.

दोन. नकाशा: शाळेच्या पुस्तकातला नकाशा झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून घ्या. पातळ खळीने फळीवर चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या.

तीन. पातं बसवणं: दाते पुढे आणि खाली, मुठीच्या दिशेने, हवेत. म्हणजे करवत खाली ओढताना कापते. पातं ताठ हवं. बोटाने छेडलं तर तुणतुण्याच्या तारेसारखा आवाज यायला हवा. सैल पातं भरकटतं. पाती डझनाने घ्या, सुरुवातीला ती मोडणारच.

चार. बैठक: टेबलाच्या कडेला एक फळी शिकंज्याने आवळा. तिच्या पुढच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच हवी. ती सुताराकडून पाडून घ्या. नकाशाची फळी या खाचेवर ठेवायची आणि खाचेच्या पोकळीत करवत उभी धरून वर-खाली चालवायची. करवत तिरकी झाली तर तुकडे एका बाजूनेच बसतील.

पाच. कापणं: आधी जिल्ह्याची बाहेरची सीमा. मग आतल्या सीमा, एकेक तालुका सुटा करत. घाई नको. दिवसाला दोन तालुके झाले तरी पुष्कळ.

सहा. घासणं: आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२० नंबरचा. कडेवरून बोट फिरवलं तर कूस लागता कामा नये.

नकाशानंतर जाळीचं काम करता येईल. देवघराच्या दाराला असते तशी, मधोमध फूल कापलेली जाळी. त्यासाठी फुलाच्या आत गिरमिटाने बारीक भोक पाडायचं. पात्याचं एक टोक सोडवायचं, सुईत दोरा ओवतो तसं भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं आणि आतून कापायचं. कौलारू घरांच्या वळचणीला लाकडी झालर दिसते, तीही असल्याच करवतीची कामगिरी.

रंग आणि तेल

आपल्या राज्यात रंगीत लाकडासाठी सावंतवाडीचं नाव आहे. तिथल्या चितार आळीत लाकडाची फळं आणि खेळणी मिळतात. तिथल्याच राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले हाताने रंगवलेल्या गंजिफाच्या पत्त्यांची कला स्वतः शिकल्या आणि मोडत आलेलं ते काम त्यांनी पुन्हा उभं केलं.

आपण साधा रंग वापरू, पण डबा वाचून घेऊ. शिसं असलेला रंग मुलांच्या मेंदूला घातक असतो. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर चालत नाही आणि तसं डब्यावर लिहावं लागतं. जुन्या, खरडलेल्या डब्यातला रंग खेळण्याला लावू नका.

रंग नको असेल तर घाण्याचं कच्चं जवसाचं तेल चालतं. पातळ हात द्या, पुसा, आठ-दहा दिवस वाळू द्या. दुकानात मिळणाऱ्या "बॉईल्ड" तेलात वाळण्यासाठी रसायनं घातलेली असू शकतात. ते खेळण्याला नको. आणि हे नीट ऐका: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

धूळ आणि पदर

विडी करणाऱ्या मैत्रिणींना तंबाखूची धूळ काय करते ते सांगायला नको. लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच तिला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना, पण आपण पहिल्या दिवसापासून काळजी घेऊ. काम ओसरीवर किंवा अंगणात करा. नाकाला चांगला मास्क लावा, पदर पुरत नाही. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. एमडीएफचा पत्रा कापायला मऊ असतो, पण त्याची धूळ फार बारीक आणि त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. छंदासाठी तो टाळलेलाच बरा.

पदर खोचून घ्या किंवा ओढणी काढून ठेवा. केस बांधा. मशीन किंवा विजेचं ड्रिल वापरत असाल तर मोकळ्या बांगड्या आणि लांब मंगळसूत्र काढून ठेवा किंवा ब्लाउजच्या आत घ्या. बोटं कधीही पात्याच्या रेषेत ठेवू नका.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात लहान तुकडा देऊ नका. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा तो चांगलाच मोठा हवा, नाहीतर घशात अडकू शकतो.

मशीन घ्यायचं का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. बचत गटात काहीही नवं आलं की पहिला प्रश्न येतो, "यात सुटतात किती?" पापड असो, शिलाई असो, की मेंदी. प्रश्न चुकीचा नाही, घर त्यावर चालतं. पण त्या प्रश्नाच्या घाईत मशीन आधी येतं, हप्ता सुरू होतो, आणि काम आपल्याला आवडतं की नाही हे नंतर कळतं. मशीन मग पोत्याखाली झाकलेलं राहतं आणि हप्ता तेवढा चालू राहतो.

हातकरवत, डझनभर पाती आणि पॉलिश पेपर हे सगळं काहीशे रुपयांत होतं. स्क्रोल सॉ मशीनला हजारो रुपये लागतात. म्हणून आधी हातकरवतीवर चार-पाच वस्तू करा. मनगट दुखत असतानाही पुढचा तुकडा कापावासा वाटला, तर गटात मिळून एका मशीनचा विचार करा. त्यासाठी कर्ज काढू नका.

विकायचा विचार आला तर कायदाही माहीत असू द्या. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. म्हणजे नोंदणी आधी, विक्री नंतर. घरच्या नातवाला किंवा गावच्या शाळेला भेट द्यायला मात्र काही अडचण नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला नवी पेठेत कापड-चोपड घ्यायला आलात की यादीत एक फ्रेट करवत लिहा. एका गटाला एक पुरे. बैठकीत अकरा जणींनी एकेक तालुका कापायचा, आणि जमलेला जिल्हा गावच्या शाळेला द्यायचा. आपल्या तालुक्याचा तुकडा कोणी कापला हे मुलांनी विचारलं, तर नाव तुमचं सांगता येईल.