बांधलेल्या होड्या, मोकळा हात

नाशिकला समुद्र नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी अवघ्या ऐंशी किलोमीटरवरच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवते आणि बंगालच्या उपसागराची वाट धरते. तरीही बंदरातल्या होड्यांचे जलरंगातले चित्र इथल्या दिवाणखान्यांनाही परके नाही. पाहुणे ते बघतात आणि हमखास विचारतात, "हे अर्धवटच राहिलं का हो?"

होडी म्हणजे तपकिरी रंगाचे दोन फटकारे. डोलकाठी म्हणजे एक थरथरती रेघ. दोराला गाठ नाही, माणसांना नाक-डोळे नाहीत. हा आळस आहे का?

मुंबईचा ससून डॉक १८७५ साली बांधून झाला. अशा एखाद्या धक्क्यावर घटकाभर उभे राहून बघावे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पाणी उतरू लागले की होडी खाली जाते, दोर ताणला जातो. खाडीत तर ती चिखलात कलंडते. गाठ रंगवून होईपर्यंत समोरचे दृश्यच बदललेले असते. म्हणून चित्रकार गाठ सोडून देतो आणि होडीचा कल तेवढा धरतो.

दुसरे कारण रंगाचे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. पाण्यावरची चकाकी रंगवायची नसते, राखायची असते. थरावर थर चढवले की रंग मळतो.

या माध्यमात बारकावे जमत नाहीत असे मात्र नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली, दिवा हाती घेतलेली ती प्रसिद्ध स्त्री सावळाराम हळदणकरांनी (१८८२–१९६८) जलरंगातच रंगवली. पण हातातल्या दिव्याचा उजेड स्थिर, पाणी चंचल. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा रंगवला, नाशिकच्या शिवाजी तुपे यांनी गोदाघाट. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पूर मोजणाऱ्या गावाला पाण्याचा स्वभाव वेगळा सांगायला नको.

मुलांच्या चित्रकलेच्या वहीवर मात्र आपण सांगतो, "जागा रिकामी ठेवू नकोस, सगळं भर." मूल मग समोर बघायचे सोडून कागद भरत बसते. त्याचे गुण कदाचित वाढतात, पण बघण्याची सवय तुटते.

आज रविवार आहे. मुलांना रंगपेटी देऊन गोदाघाटावर न्यावे, वीस मिनिटे बसू द्यावे. आणि घरी आल्यावर "आता पूर्ण कर" एवढे मात्र म्हणू नये.