उभे असलेले फिरते ग्रंथालय : वाहन की शाखा?

फिरत्या ग्रंथालयाची गाडी एखाद्या गावी दीर्घकाळ उभी राहिली, तर तिची नोंद वाहन म्हणून करावी की शाखा म्हणून? हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषेचा वाटतो. वस्तुतः त्याच्या उत्तरावर त्या गावाचा हक्क अवलंबून असतो. कारण शाखा आहे अशी नोंद झाली की कायम ग्रंथालयाची मागणी मागे पडते.

ग्रंथ वाचकाकडे नेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास पाचारण केल्यावर तेथे ग्रंथांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. १९३१ साली मन्नारगुडी येथे बैलगाडीतून ग्रंथ हिंडले. बडोद्याची पेटी गावात काही काळ राहत असे. तथापि ती परत जावयाची असल्याने तिला शाखा म्हणता येत नाही.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांच्या गणनेत शाखेची चार लक्षणे मानली आहेत : स्वतंत्र जागा, सुव्यवस्थित संग्रह, वेतन घेणारे सेवक आणि ठरलेल्या वेळा. फिरत्या ग्रंथालयास शेवटची तीन लागू पडतात. जागेच्या ठिकाणी मोटार येते. शिवाय तेथे वाहने मोजतात, थांबे नव्हेत. थांबे मोजले, तर एकच गाडी वीस शाखांचा आभास निर्माण करील.

आता ही कसोटी रायगडच्या किनाऱ्यास लावून पाहू. मुरूड व श्रीवर्धन या तालुक्यांमध्ये राजपुरीची खाडी आहे. आगरदांडा-दिघी फेरीबोट बंद असली तर गाडीस दूरचा वळसा पडतो. अशा वेळी पावसाळाभर पलीकडे मुक्कामास राहिलेली गाडी स्थिर दिसेल, परंतु तिचा संग्रह व सेवक आश्विनात दुसरीकडे जावयाचे असतील, तर ते हंगामी केंद्रच होय. उलट, चाके असूनही संग्रह, सेवक व वेळा त्याच गावास कायमच्या बांधलेल्या असतील, तर तिला शाखा म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आदळले. अशा आपत्तीत शाखेची इमारत पडली व तिचे काम गाडीतून चालू राहिले, तर शाखा संपली असे कोण म्हणेल?

यावरून असे दिसून येईल की निर्णायक लक्षण चाकांचे नाही, भिंतींचेही नाही. ते उत्तरदायित्वाचे आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याखालील व्यवस्थेत मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग असून अनुदान वर्गानुसार मिळते. जेथे वर्गावर द्रव्य ठरते, तेथे सैल व्याख्या महाग पडते. म्हणून थांबा, हंगामी केंद्र आणि शाखा असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत, आणि गाडी निघून गेल्यावर गावात काय उरते, हे विचारूनच ते भरावेत.